एका लिटराची साक्ष

काही वर्षांपूर्वी आमच्या देवस्थान समितीने माझ्यावर एक नाजूक काम सोपविले. देवस्थानाने पूजासाहित्याची ने-आण, वृद्ध महाजनांना उत्सवास आणणे-पोहोचविणे आणि बाजारहाट यांसाठी एक पेट्रोलवर चालणारी लहान गाडी घेतली होती. विक्रेत्याने दिलेल्या पत्रकात तिचा ‘ॲव्हरेज’ लिटराला १८ किलोमीटर असा छापलेला होता. वर्षअखेरीस खजिनदारांनी कीर्द आणि पेट्रोलच्या पावत्या ताडून पाहिल्या, तेव्हा गाडी प्रत्यक्षात लिटराला बारा-साडेबारा किलोमीटरच धावल्याचे दिसून आले. हिशेबाच्या कामात मुरलेल्या एका सभासदांनी सरळ प्रश्न टाकला, “मग लिटरामागचे हे साडेपाच-सहा किलोमीटर जातात कुठे?”

प्रश्न विचारताना त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. पण सर्वांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे वळल्या. ज्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी त्याच देवळात समया उजळल्या, असा तो मनुष्य. पुढच्या बैठकीपूर्वी त्याला कारणे दाखविण्याची नोटीस द्यावी, असा ठराव झाला आणि वकील म्हणून मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले.

मसुदा लिहावयास बसलो खरा, पण पहिल्याच परिच्छेदात अडलो. साऱ्या आरोपाचा आधार दोन आकड्यांमधील अंतर हा होता. बाराचा आकडा आमच्या पावत्यांतून आलेला. तो तपासता येण्याजोगा होता. परंतु अठराचा आकडा कोणी मोजला? कोठे, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ऋतूत, चाकामागे कोणाला बसवून? ज्या साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नाही, त्याच्या एका शब्दावर एका माणसाची अब्रू टांगणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून नोटीस बाजूला ठेवून मी त्या आकड्याच्या कुळाचा शोध घेऊ लागलो. त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

* * *

आरंभी मोजमापाच्या भाषेचा एक खुलासा आवश्यक आहे. ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५५ लिटरांचा, तर अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरांचा. त्यामुळे ब्रिटिश हिशेबात गॅलनला ३० मैल धावणारी गाडी अमेरिकन हिशेबात २५ मैलांचीच ठरते आणि आपल्या हिशेबात लिटराला साधारण १०.६ किलोमीटरांची. गाडी एकच, रस्ता एकच, चालकही एकच. केवळ मापाच्या भांड्याने एवढा फरक पडतो. जुन्या मासिकांतील आकडे वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. आपण ‘लिटरामागे किती किलोमीटर’ असे विचारतो. युरोपात ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे विचारतात. प्रश्न उलटा केल्याने काय बिघडते, असे कोणास वाटेल. परंतु दहा हजार किलोमीटरांचा हिशेब करून पाहावा. लिटराला ५ किलोमीटर धावणारी गाडी त्यासाठी २,००० लिटर पिते. १० धावणारी १,००० लिटर आणि २० धावणारी ५०० लिटर. म्हणजे पाचावरून दहावर येण्यात हजार लिटर वाचतात, तर दहावरून विसावर जाण्यात, आकडा दिसावयास दुप्पट मोठी उडी असूनही, पाचशेच. सरासरी काढतानाही हाच चकवा होतो. शंभर किलोमीटर दहाच्या दराने आणि शंभर किलोमीटर विसाच्या दराने गेल्यास सरासरी पंधरा येत नाही. पेट्रोल जळते दहा अधिक पाच, असे पंधरा लिटर. अंतर होते दोनशे. म्हणून खरी सरासरी १३.३. जमाखर्च लिहिणाऱ्याने सरासऱ्यांची सरासरी कधी काढू नये, हा जुना दंडक येथेही लागू पडतो.

आता इतिहासाकडे वळू. मोटारीचा इंधन-खर्च जाहीररीत्या मोजण्याचे आरंभीचे गाजलेले प्रयत्न हे शर्यतीच्या स्वरूपाचे होते. अमेरिकेत १९३६ साली कॅलिफोर्नियातील गिलमोर या तेलकंपनीने लॉस एंजल्सपासून योसेमिटीपर्यंत एक काटकसरीची धाव भरविली. पुढे हीच ‘मोबिलगॅस इकॉनॉमी रन’ या नावाने प्रसिद्धीस आली आणि, महायुद्धाच्या काळातील खंड सोडल्यास, १९६८ पर्यंत चालली. गाडीत निरीक्षक बसत, इंधन मोजून भरले जाई आणि विजयी गाडीचा आकडा वर्षभर जाहिरातींत मिरविला जाई. १९३९ साली इलिनॉय राज्यातील वुड रिव्हर येथे शेल कंपनीच्या संशोधकांनी आपसांत एक मैत्रीची पैज लावली: तेवढ्याच पेट्रोलवर कोणाची गाडी दूर जाते? जिंकणाऱ्याने अमेरिकन गॅलनला जवळजवळ पन्नास मैल, म्हणजे लिटराला एकवीस किलोमीटर गाठले. आज विद्यार्थ्यांसाठी जगभर भरविल्या जाणाऱ्या शेलच्या स्पर्धेचे मूळ या पैजेत आहे.

या धावांचे आकडे खोटे नव्हते. पण ते चालविणारे हात निवडक होते. हलक्या पायाने वेग वाढविणे, पुढचा उतार हेरून गाडी घरंगळू देणे, ब्रेकला शक्यतो न शिवणे, या कलेत हे चालक निष्णात होते. घरी जाण्याच्या घाईत असलेल्या कारकुनाला किंवा मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईला तो आकडा कधीच लाभणार नव्हता. उत्तम गवयाच्या गळ्यावरून पेटीची किंमत ठरवावी, तसा हा प्रकार होता.

* * *

माणूस बदलला की आकडा बदलतो, तर माणसाचा हातच मोजमापातून काढून टाकावा, हा विचार पुढील काळात आला. पण तो आला अगदी वेगळ्या वाटेने. लॉस एंजल्स शहर धुराने कोंडले होते. गाड्यांच्या धुराचे नियमन करावयाचे तर प्रत्येक गाडीची चाचणी एकाच पद्धतीने व्हावयास हवी होती. म्हणून १९६०-७० च्या दशकात त्या शहरातील सकाळच्या वर्दळीचा एक मार्ग निवडून त्यावरील वेगाच्या चढउताराची नोंद करण्यात आली. ती आटोपशीर करून चाचणीचा एक ठराविक आराखडा बनला: सुमारे १२ किलोमीटर अंतर, १,३७२ सेकंद वेळ, सरासरी वेग ताशी ३१ किलोमीटरांच्या आसपास, कमाल वेग ताशी ९१. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७२ च्या गाड्यांपासून धुराच्या तपासणीसाठी हा आराखडा वापरण्यास प्रारंभ केला.

ही चाचणी रस्त्यावर होतच नाही. गाडीची चाके एका खोलीत लोखंडी रोलरवर फिरतात. चालकासमोर एका पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि त्याने इमानाने तिच्या मागोमाग जावयाचे असते. वाऱ्याचा व रस्त्याचा जो विरोध गाडीला बाहेर सोसावा लागतो, तेवढा भार रोलरवर कृत्रिमरीत्या टाकलेला असतो. पेट्रोल मोजण्याची रीतही चतुर आहे. टाकी उघडून पाहण्याऐवजी धुराड्यातून निघालेला वायू गोळा करतात. पेट्रोलातील कार्बन नाहीसा होत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. धुरातील कार्बन मोजला की किती पेट्रोल जळले, ते आपोआप कळते. धुरासाठी केलेल्या चाचणीतून इंधनाचा आकडा असा जवळजवळ आयताच पदरात पडला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांत तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. अमेरिकेतील पंपांसमोर रांगा लागल्या. ज्या आकड्याकडे कालपर्यंत कोणी फारसे पाहत नव्हते, तो राष्ट्रीय प्रश्न बनला. शहरी चाचणीच्या जोडीला महामार्गाची एक चाचणी तयार झाली: साडेसोळा किलोमीटर, ७६५ सेकंद, सरासरी वेग ताशी ७८ किलोमीटर. त्या वेळी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची वेगमर्यादा लागू झालेली होती, हे येथे ध्यानात ठेवावे. २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऊर्जा-धोरण व संवर्धन कायद्यावर स्वाक्षरी केली. नव्या गाडीवर इंधन-खर्चाची चिठ्ठी लावणे त्या कायद्याने बंधनकारक झाले. शिवाय प्रत्येक कारखान्याच्या प्रवासी गाड्यांची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल व्हावी, असे बंधनही घालण्यात आले.

येथे एका वकिलाचे लक्ष वेधून घेईल असे कलम आहे. कारखान्यांची सरासरी काढताना १९७५ च्या गाड्यांसाठी वापरलेलीच चाचणीपद्धत, शहराला ५५ टक्के व महामार्गाला ४५ टक्के वजन देऊन, किंवा तिच्याशी तुल्य निकाल देणारी पद्धत वापरावी, असे कायद्याच्या मजकुरातच लिहिलेले आहे. हेतू न्याय्य होता. शर्यत सुरू झाल्यावर मैदानाची लांबी बदलू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याचा परिणाम असा झाला की, रस्ते, वेग आणि गाड्या बदलत गेल्या आणि कायद्याच्या कोठडीतला मापदंड मात्र १९७५ सालातच बसून राहिला.

ग्राहकांना हे लवकरच जाणवले. चिठ्ठीवर लिहिलेला आकडा आपल्याला मिळत नाही, अशी तक्रार सर्वत्र होऊ लागली. जाहिरातदार आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येऊ शकेल’ असे छापू लागले आणि ते वाक्य इंग्रजी बोलण्यात जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले. अखेर १९८४ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रत्यक्ष चालकांचे अनुभव पाहून नवा नियम केला. १९८५ च्या गाड्यांपासून चिठ्ठीवरचा शहरी आकडा १० टक्क्यांनी आणि महामार्गाचा २२ टक्क्यांनी कमी करून छापावा, असे ठरले. प्रयोगशाळेची साक्ष थोडी फुगीर असते, ही गोष्ट शासनाने लेखी मान्य केल्यासारखेच हे होते. मात्र ही वजावट चिठ्ठीपुरती होती; कायद्यातील सरासरी जुन्या मोजणीनेच निघत राहिली. एकाच गाडीचे दोन अधिकृत आकडे आणि दोन्ही कायदेशीर, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

वजावट करूनही अंतर पुन्हा वाढले. लोक ताशी शंभराच्या वर वेगाने जाऊ लागले, वातानुकूलन सर्रास झाले आणि जुन्या चाचणीत यांपैकी काहीही नव्हते. त्या काळची रोलरयंत्रे जोराचा वेग पेलू शकत नसत, म्हणून आराखड्यातील वेगवाढही मुद्दाम सौम्य ठेवलेली होती. २००८ च्या गाड्यांपासून चिठ्ठीच्या आकड्यासाठी आणखी तीन चाचण्या जमेस धरल्या गेल्या. पहिलीत ताशी १२९ किलोमीटरांपर्यंतचा वेग व झपाट्याने गती घेणे आले. दुसरीत ३५ अंश उष्म्यात वातानुकूलन चालू ठेवणे आले. तिसरीत शून्याखाली सात अंश थंडीत गाडी चालविणे आले. या एका बदलाने शहरी आकडे सरासरी १२ टक्क्यांनी आणि महामार्गाचे ८ टक्क्यांनी खाली आले. गाड्या त्याच होत्या. त्यांना विचारलेले प्रश्न तेवढे बदलले होते.

* * *

आतापर्यंत सांगितले ते चाचणीच्या मर्यादांविषयी. काही ठिकाणी याहून गंभीर गोष्ट घडली. रोलरवर किती भार टाकावयाचा हे ठरविण्यासाठी गाडी मोकळ्या धावपट्टीवर वेगात नेतात, न्यूट्रलमध्ये टाकतात आणि ती किती वेळात मंदावते हे मोजतात. गाडी जितकी उशिरा मंदावेल, तितका रोलरवरचा भार कमी आणि तितका आकडा देखणा. हे मोजमाप कारखानाच करतो. अमेरिकेतील काही ग्राहकांनी तक्रारी केल्यावरून संस्थेने फेरतपासणी केली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ह्युंडाई व किआ या कंपन्यांना अनेक गाड्यांचे आकडे उतरवावे लागले. पुढे अमेरिकन शासनाने आरोप ठेवला की, अनेक चाचण्यांची सरासरी घेण्याऐवजी सोयीचे निकाल निवडले गेले, सोयीच्या तापमानात चाचण्या झाल्या आणि मागून वारा असतानाच्या धावांवर फार विसंबण्यात आले. २०१४ मध्ये दहा कोटी डॉलरांचा दंड भरून त्या कंपन्यांनी प्रकरण मिटविले. सुमारे बारा लाख गाड्या त्यात आल्या. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या मित्सुबिशी कंपनीने याच रोधभाराच्या माहितीत फेरफार केल्याची कबुली दिली. त्यात सव्वासहा लाख लहान गाड्या होत्या आणि त्यांतील बऱ्याच तिने निसान कंपनीसाठी बनविलेल्या होत्या. ही विसंगती प्रथम ध्यानात आली, तीही निसानच्याच लोकांना.

युरोपात फसवणुकीची गरजही फारशी भासू नये इतकी चाचणी सैल होती. तेथील जुना आराखडा १,१८० सेकंदांचा, ११ किलोमीटरांचा, सरासरी ताशी ३४ किलोमीटर वेगाचा. त्याचा शहरी भाग १९७० पासूनचा. चाचणीची खोली उबदार, दिवे व वातानुकूलन बंद, बॅटरी आधीच पूर्ण भरलेली. आणि मोजलेल्या आकड्याहून खर्च चार टक्क्यांपर्यंत कमी दाखविण्याची मुभा. पुढे गाडीच्या कार्बन डायऑक्साइडवर कर बसू लागला, तेव्हा हा आकडा कारखान्यांच्या दृष्टीने लाखमोलाचा झाला आणि प्रत्येक सवलत शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढली गेली. स्वच्छ वाहतुकीविषयी संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने युरोपातील चालकांच्या नोंदी गोळा करून कागद आणि रस्ता यांतील अंतर काढले. २००१ मध्ये ते सुमारे ९ टक्के होते. २०१५ च्या सुमारास ते ४२ टक्क्यांवर गेले होते. लोक अधिक बेफिकीरपणे गाडी हाकू लागले म्हणून ते वाढले नव्हते. ज्या आकड्यावर पैसा आणि शिक्षा अवलंबून असते, तो आकडा सत्य सांगण्याऐवजी मालकाची बाजू मांडू लागतो. देवळाच्या वर्गणीपासून राष्ट्राच्या अंदाजपत्रकापर्यंत सर्वत्र अनुभवास येणारी ही गोष्ट आहे.

या शोधातील पुरावा कोठून आला, हे मला विशेष उद्बोधक वाटले. त्यातील फार मोठा वाटा साध्या मोटारमालकांच्या नोंदींचा होता. जर्मनीत व अन्यत्र हजारो लोक प्रत्येक वेळी टाकी भरली की लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवीत होते. कोणी छंद म्हणून, कोणी घरखर्चाच्या काटकसरीसाठी. एकट्याच्या वहीत फारसा अर्थ नव्हता. परंतु दहा लाखांहून अधिक गाड्यांची माहिती जुळविल्यावर त्या वह्यांपुढे प्रयोगशाळेला मान तुकवावी लागली. सप्टेंबर २०१७ पासून युरोपात नवी, अधिक कडक चाचणी लागू झाली: १,८०० सेकंद, २३ किलोमीटर, कमाल वेग ताशी १३१ किलोमीटर. त्यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे होते. २०२१ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल व डिझेल गाडीत खऱ्या इंधन-खर्चाची नोंद ठेवणारी यंत्रणा असणे सक्तीचे झाले. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, नव्या चाचणीच्याही तुलनेत रस्त्यावरचा खर्च सुमारे २० टक्क्यांनी जास्त असल्याचे नमूद आहे. विजेच्या तारेवर भरता येणाऱ्या, पण पेट्रोलवरही चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर रस्त्यावरील कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या साडेतीनपट आढळला. कारण सोपे आहे: मालक त्या गाडीला वीज भरतील असे चाचणीने गृहीत धरले होते, आणि कित्येक मालक ती भरतच नव्हते.

* * *

आपल्या देशाची गोष्ट याच वंशावळीतली आहे. पुण्याची मोटार-संशोधन संस्था १९६६ पासून कार्य करीत आहे आणि गाड्यांच्या अधिकृत चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये तिचे स्थान मोठे आहे. भारतीय गाड्यांसाठी २००० नंतरच्या काळात जो आराखडा वापरला गेला, तो युरोपच्या त्या जुन्या आराखड्याचेच भारतीय रूप होय: तेच १,१८० सेकंद, फक्त कमाल वेग ताशी १२० च्या ठिकाणी ९०. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ याच्या आधारे १ एप्रिल २०१७ पासून कारखान्यांच्या सरासरी इंधन-खर्चावर मर्यादाही आली. म्हणजे आमच्या गाडीच्या पत्रकातील अठराचा आकडा अशाच एका खोलीत, अशाच रोलरवर जन्मला असणार. त्या खोलीत घाट नाही, पाऊस नाही, मागच्या आसनावर पाचजण दाटीने बसलेले नाहीत, आणि आरती होईपर्यंत वातानुकूलन चालू ठेवून गाडी उभी करणारा कोणी नाही.

मग ग्राहकाने गप्प बसावे काय? न्यायालयांची उत्तरे या बाबतीत एकसारखी नाहीत. कॅलिफोर्नियात २०१२ च्या फेब्रुवारीत लहान दाव्यांच्या न्यायालयाने एका मोटारमालकिणीला, जाहिरातीतील आकडा मिळाला नाही म्हणून, ९,८६७ डॉलरांची भरपाई मंजूर केली. मे महिन्यात वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरविला. केरळात त्रिशूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाने मात्र २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. पत्रकात लिटराला ३२ किलोमीटर म्हटलेल्या गाडीची तज्ज्ञ आयुक्ताकरवी प्रत्यक्ष चाचणी करविण्यात आली, आकडा १९.६ निघाला आणि आयोगाने एकूण ३ लाख १० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. या निकालात मला जे मोलाचे वाटते ते रकमेपेक्षा रीतीत आहे. आयोगाने ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि कंपनीच्याही नाही. तिऱ्हाइताकडून मोजून घेतले.

हीच रीत आम्ही देवस्थानात अवलंबिली. समितीला मी सुचविले की, नोटीस देण्यापूर्वी सहा टाक्यांपर्यंत थांबावे. नियम साधे होते. दर वेळी एकाच पंपावर, एकाच नळीखाली, शक्यतो सकाळी पेट्रोल भरावयाचे; कारण पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते, दर अंशास हजारात सुमारे एक भाग. नळी आपोआप थांबली की थांबावयाचे. वरून ‘आणखी थोडे’ घालावयाचे नाही. टाकी पूर्ण भरल्यावर किलोमीटरचा आकडा लिहावयाचा आणि पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना लागलेले लिटर हाच मधल्या प्रवासाचा खर्च धरावयाचा. डॅशबोर्डावर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विसंबावयाचे नाही. पंपाच्या मापाबद्दल शंका असल्यास तेथे ठेवलेल्या पाच लिटरांच्या शिक्कामोर्तब मापात मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो खजिनदारांनी एकदा बजावला आणि माप बरोबर भरले. गाडीचा किलोमीटर-दर्शकही महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिला. टायर झिजले की चाकाचा घेर घटतो आणि दर्शक खऱ्याहून थोडे अधिक अंतर दाखवितो, एवढ्यासाठी.

सहा टाक्यांचा हिशेब असा आला: एकूण १,९७४ किलोमीटर, १६०.५ लिटर, म्हणजे लिटराला १२.३ किलोमीटर. निरनिराळ्या टाक्यांचे आकडे मात्र १०.९ पासून १३.६ पर्यंत हेलकावत होते. १०.९ ची टाकी उत्सवाच्या आठवड्यातली, थांबत-थांबत केलेल्या लहान फेऱ्यांची, १३.६ ची पणजीच्या दोन लांब खेपांची. याचसाठी एका टाकीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. नळी जरा आधी किंवा उशिरा थांबली, तरी एका टाकीचा आकडा सहज ढळतो. अनेक टाक्यांच्या बेरजेत ती चूक विरून जाते. सहांपैकी एक टाकी, प्रश्न विचारणाऱ्या त्या सभासदांनी हट्टाने स्वतः गाडी चालवून संपविली. त्यांचा आकडा ११.८ आला. एका टाकीवरून त्यांच्या चालविण्याविषयीही मी निष्कर्ष काढू इच्छीत नाही.

पुढच्या बैठकीत तो तक्ता वाचून दाखविला. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग ते सभासदच उठले आणि म्हणाले, “मी त्या दिवशी तसे बोलायला नको होते.” ड्रायव्हर दाराशीच उभा होता. त्यांनी त्याला आत बोलावून सर्वांसमक्ष तेच वाक्य पुन्हा उच्चारले.

पत्रकातला अठराचा आकडा खोटा होता, असे मी आजही म्हणणार नाही. दोन गाड्यांपैकी कोणती कमी पिईल, हे दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला सांगण्यासाठी तो मोजलेला होता आणि तेवढ्यापुरती त्याची साक्ष ग्राह्य आहे. आमचा ड्रायव्हर प्रामाणिक आहे की नाही, हे सांगण्यासाठी तो कधीच मोजलेला नव्हता. त्याच्याकडून ती साक्ष काढू पाहणारे आम्ही होतो. नोटिशीचा तो अर्धवट मसुदा अजून माझ्या फायलीत आहे. देवस्थानाच्या कपाटात मात्र तेव्हापासून एक नवी वही आली आहे. प्रत्येक टाकीची तारीख, किलोमीटर आणि लिटर तीत लिहिलेले असतात, आणि खाली दोन सह्या असतात: एक खजिनदारांची आणि एक ड्रायव्हरची.